वीस पॉइंट तीन

दुपारी एक ते चार पुण्यात भुतंसुद्धा आडवी होतात, असं मी ऑफिसात नेहमी म्हणायचो. आमचं भूत मात्र नेमकं त्याच वेळात यायचं. हसू नका, मी आधीच पोटभर हसून घेतलंय.

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या मागे दोन भावांचं गॅरेज होतं. धाकट्याला मी काका म्हणायचो. आठवडाभर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचो आणि रविवारी लॅपटॉप घेऊन काकांकडे गाड्या ट्यून करायला बसायचो. थोरले, म्हणजे काकांचे दादा, जुन्या वळणाचे. इंजिनात पेट्रोल जास्त जातंय की कमी, हे ते प्लग काढून त्याच्या टोकाच्या रंगावरून सांगायचे. बिस्किटासारखा रंग म्हणजे ठीक, काळा म्हणजे जास्त, पांढरा म्हणजे कमी. काकांनी ऑक्सिजन सेन्सर आणला त्या दिवशी दादा म्हणाले, "मी नाडी बघणारा माणूस. तू आता थर्मामीटर घेऊन आलास होय? बस मग त्यालाच कुरवाळत." आणि त्यांनी बोलणं टाकलं.

दीड वर्ष! दोघं एकाच गाडीखाली आडवे पडून काम करायचे आणि दादा मला सांगायचे, "त्याला म्हणावं, बारा नंबरचा पाना दे." 'तो' वीतभर अंतरावर. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. मग एका सकाळी दादा झोपेतून उठलेच नाहीत. तेराव्याला काका मला एवढंच म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं रे. एकदा हाक मारायला हवी होती त्याने."

त्यानंतर ती लाल गाडी आली. हौशी मालकाने तिला टर्बो बसवून घेतला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही मापात वाढवावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन वितळतो, की झाले लाखाचे बारा हजार. म्हणून धुराच्या पाइपात सेन्सर बसवायचा. धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो सांगायचा आणि मी लॅपटॉपवर पेट्रोल कमीजास्त करायचो.

सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी बजावलं होतं, "आपली प्रगती जरूर चालू द्या, फक्त आमच्या झोपेत नको." म्हणून एक वाजला की आम्ही शटर खाली ओढायचो. धुरासाठी सायलेन्सरला जाड नळी लावून ती मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली होती. सगळं कसं अगदी शास्त्रशुद्ध.

पहिल्या रविवारी दोनच्या सुमारास काका हातातला पाना तसाच धरून थांबले. "दादा आलाय," ते म्हणाले.

"कुठे?"

"माझ्या मागे. प्लग बघतोय."

"मग विचारा, कुठला पाना हवाय त्यांना," मी म्हटलं. माझी जीभ पेठेत वाढलेली आहे, तिला वेळकाळ कळत नाही. काका हसले नाहीत.

दुसऱ्या रविवारी माझी पाळी आली. मी स्क्रीनवर वाकलो होतो आणि माझ्या खांद्यामागे उभं राहून कोणीतरी आकडे वाचत होतं. श्वास ऐकू येत नव्हता, पण वाचतंय हे कळत होतं. वळून बघितलं तर नुसते टायर. मग गाडीच्या पलीकडून चपला घासत कोणीतरी चाललं, पुढच्या चाकापाशी आलं आणि थांबलं.

"ऐकलंस ना?" काका कुजबुजले.

"उंदीर असेल."

उंदीर चपला घालत नाही हे मलाही ठाऊक होतं. डोकं ठणकत होतं. ते मी आदल्या दिवशीच्या जागरणावर ढकललं.

त्याच दुपारी सेन्सरवरचा माझा विश्वास उडाला. तो नीट आहे का हे बघायची रीत सोपी असते: इंजिन बंद करायचं, सेन्सर पाइपातून काढायचा आणि मोकळ्या हवेत टांगायचा. मीटरवर वीस पॉइंट नऊ यायला हवं, कारण स्वच्छ हवेत ऑक्सिजन तेवढाच टक्के असतो. आलं वीस पॉइंट तीन. "म्हातारा झाला," म्हटलं आणि बटण दाबलं. ते बटण म्हणजे सेन्सरला दिलेली तंबी: तू चुकतोयस, हीच स्वच्छ हवा, हिलाच वीस पॉइंट नऊ म्हण. तो बिचारा म्हणायला लागला.

तिसऱ्या रविवारी काका धुतलेला शर्ट घालून आले. गॅरेजमध्ये! "आज बोलेल असं वाटतंय," म्हणाले. मला भीती वाटली, पण कबूल कोण करणार? शटर ओढलं, दीड तास इंजिन चालवलं, मग बंद केलं, मीटरमधली जुनी तंबी पुसली आणि खोक्यातून नवाकोरा सेन्सर काढून टांगला.

वीस पॉइंट तीन.

मी त्या आकड्याकडे बघत बसलो. डोक्यात ओली कणीक भरल्यासारखं झालं होतं. दोन सेन्सर एकाच आकड्याने कसे बिघडतील? मागे चपला घासत होत्या. किती वेळ गेला देव जाणे, आणि मग उमगलं. सेन्सर बिघडलेले नाहीत. या खोलीतली हवाच तेवढी आहे, आणि गेल्या रविवारी मीच तिला बटण दाबून स्वच्छ ठरवलं.

काका टायरवर बसून भिंतीकडे बघत होते. चेहरा लालबुंद. "हो दादा... हो," असं हळूच म्हणत होते आणि लहान मुलासारखे हसत होते.

शटर दोनदा हातातून सुटलं. तिसऱ्यांदा वर गेलं. काकांना काखेत धरून फरफटत बाहेर काढलं आणि तिथेच भडाभडा ओकलो. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "चार वाजले नाहीत अजून."

धुराची नळी गाडीखाली उभी फाटली होती. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसाला भास होतात, हे दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी काकांच्या कॉटपाशी बसलो होतो. नाकावरची नळी बाजूला करून ते म्हणाले, "कशाला ओढलंस रे?"

"अहो काका, मेला असतात!"

"ते खरंच. पण हाक मारली त्याने. लहानपणी मारायचा तशी. पुढे काहीतरी सांगणार होता." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "गॅसच होता का रे सगळा? हाकसुद्धा?"

आयुष्यभर मी एकच विद्या शिकलो, दुसऱ्याची चूक दाखवायची. "हो काका," मी म्हणालो. "हाकसुद्धा."

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं. त्यांनी कूस बदलली. "एवढी घाई होती होय तुला बरोबर ठरायची?" ते भिंतीला म्हणाले.

'काय माहीत, काका' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि मला अजून स्वतःची चीड येते.