नालीत जाणारं विमान

डावा डोळा मिटायचा, मान थोडी तिरपी करायची आणि उजव्या डोळ्यानं समोरच्याला निरखायचं, ही भाऊंची सवय. चहाचा कप, नोटीस बोर्डावरचा कागद, नवा साहेब, सगळ्यांना त्या डोळ्याखालून जावं लागे. निकाल ठरलेलाच असायचा. "कायतरी गडबड हाये." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्यासोबत बारा वर्षं एका शिफ्टला काढून दाखवा, मग बोलू.

वरठीच्या कारखान्यात ते फिटर आणि मी त्यांचा जोडीदार. मोटर आणि पंप एका रेषेत बसवणं हे आमचं काम. रेष चुकली की जोड हादरतो, तुटतो, आणि जवळ उभ्या माणसाचं काही खरं नसतं. म्हणून डायल लावून माप घ्यायचं, असा नियम. भाऊ डायलवरही शक घ्यायचे. आधी डोळा, मग डायल. दोघांचं पटलं नाही तर डायल खोटा. आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा डोळाच जिंकायचा.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी फोमचं, बॅटरीवर उडणारं हातभर विमान बनवलं. हा शौक कुठून लागला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुले काहून पायजे?" चाकं ज्यावर बसतात ती तार त्यांनी सायकलच्या स्पोकची वाकवली होती, अर्थात डोळ्यानंच. दर रविवारी एकोडीला, त्यांच्या गावी, सिमेंटच्या रस्त्यावर आम्ही ते पळवायचो. विमान चार हात सरळ धावे, डावीकडे वळे आणि नालीत जाई.

पहिला संशय रस्त्यावर. ठेकेदारानं एका बाजूचं सिमेंट खाल्लं, असं म्हणत भाऊंनी रस्त्याला लेव्हल लावली. मग मोटर विकणाऱ्या नागपूरच्या दुकानदारावर. मग कडेला धान वाळत घालणाऱ्या शेजारणीवर; तिच्या कोंबड्या रात्री विमानावर बसतात म्हणे. विमान कुलपात असायचं, बाप्पा! शेवटी पाळी माझी आली. एक आठवडा ते माझ्या घरी राहिलं होतं. भाऊंनी डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि घरात कोणी हात तर लावला नाही ना, असं विचारलं.

माझं डोकंच सटकलं. शेजारणीकडून दोरा आणला, विमान पालथं केलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणला. उजवं चाक दोऱ्याला समांतर होतं. डावं चाक पुढून बाहेर वळलेलं, चांगलं धानाच्या दाण्याएवढं. भाऊंनी वाकून उजव्या डोळ्यानं पाहिलं आणि चाक सरळ, दोरा वाकडा, असं सांगून मोकळे झाले. ताणलेला दोरा वाकडा! मी चिडूनच म्हणालो, "भाऊ, एकदा दुसऱ्या डोळ्यानं पाहा ना."

त्यांनी उजवा मिटला, डाव्यानं पाहिलं. परत उजव्यानं, परत डाव्यानं. मग तिथेच रस्त्यावर बसले. मला वाटलं आता माझ्यावर उखडतील.

"शुक्रवारचा पंप," ते म्हणाले.

शुक्रवारी डोळ्याचं आणि डायलचं पटलं नव्हतं, आणि आम्ही डायल खोटा ठरवला होता. तो पंप सोमवारी सकाळी सुरू होणार होता.

भाऊंना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डोळा गेला हे कारखान्यात कळलं असतं तर त्यांच्या हातात पाना राहिला नसता. मी म्हणालो, पहाटे लवकर जाऊ, डायल लावून गुपचूप नीट करू, मी कुठे बोलणार नाही.

"तू बोलणार नाही," ते म्हणाले. "मंग माह्यावर शक कोण घेईन?"

सोमवारी त्यांनी स्वतः साहेबांना गाठलं आणि पंप थांबवायला लावला. रेष चुकलेलीच होती. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा आतला पडदा गेला आहे, डावाही त्याच वाटेवर आहे. भाऊंना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे ते सहा महिने टिकले, मग राजीनामा देऊन एकोडीला गेले. मला नवा जोडीदार मिळाला. चांगला आहे, दाखवलं त्यावर विश्वास ठेवतो. मला त्याची भीती वाटते.

दिवाळीनंतर मी एकोडीला गेलो. डाव्या चाकाची तार भाऊंनी माझ्याकडून सरळ करून घेतली, दोरा लावून. रिमोट त्यांच्याच हातात होता. विमान सरळ धावलं, हवेत चढलं आणि कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर गेलं. भाऊ उलट्या दिशेला पाहत होते.

"कुठं हाये?"

मी सांगितलं, आंब्याच्या वर. डावीकडे घ्या. आता थोडं खाली. भाऊ घेत गेले. विमान रस्त्यावर टेकलं, जरा घसरलं आणि मधोमध थांबलं. मी म्हणालो, उतरलं.

भाऊंनी रिमोट बंद केला. खरंच उतरलं का, हे त्यांनी विचारलं नाही.