कोठडीतली ओली पावलं

अलिबागच्या कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. शिपाई रजेवर, म्हणून कोठडीची चावी माझ्याकडे, आणि मी शहाणा कुलूप न लावताच घरी जेवायला आलो. पानावर आठवलं. उष्ट्या हातानं, धोतर सावरत धावलो. नोकरी गेली, पोरं उपाशी, एवढंच डोक्यात.

आत कोर्लईकडचा एक ख्रिस्ती होता. साक्षीला आला आणि सरकारच्या नावाची शपथच घेईना. "येशूबिगर राजा न्हाय मला," म्हणाला. हाकिमानं कोंडला.

भर दुपारी कचेरीत चिटपाखरू नव्हतं. कोठडीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. उंबऱ्यापासून आत ओली पावलं उमटली होती. त्यांच्या टोकाला तो डोळे मिटून बसलेला.

"भाऊ, जेवण टाकून आलास?" त्यानं न बघताच विचारलं.

"तू बाहेर गेला होतास?"

"दर्यावर. प्रार्थना केली."

"मग परत कशाला आलास?"

"तुझं सरकार मी मानत न्हाय. पन तुझी पोरं उपाशी ऱ्हायली असती."

पोरांबद्दल मी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"आणि तुम्ही त्याला परत कोंडून आलात?"