शेवटच्या बाकासाठी

मॉडेलवाले काका बत्तीस वर्षं वैद्यकीय कॉलेजात प्लास्टरचे अवयव घडवत आले. पित्ताशय, गर्भाशय, कुल्ल्यातला एक स्नायू; देवाने माणसात नासपतीच्या आकाराचं इतकं काही का भरलं, हे त्यांना कधी उमगलं नाही. त्यामुळे टेबलावर एक खरी नासपती कायम असे, आणि आकार बघून झाला की संध्याकाळी ती काकांच्या पोटात जाई. नियम एकच: प्रत्येक अवयव तिप्पट मोठा करायचा. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यालाही तो दिसला पाहिजे.

हाच नियम त्यांच्या अंगाशी आला.

काकूंना आठ महिने अंगावरून जात होतं. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवी काढायला सांगितलं आणि काकूंनी साफ नकार दिला. कारणही सांगेनात. काकांनी समजावलं, लेक फोनवर रडली, तरी काकू ढिम्म हलल्या नाहीत.

शेवटी एकदा भाजी निवडताना त्या बोलल्या, "तुमच्या कपाटात बघितलीय मी. भोपळ्याएवढी होती. एवढं काढल्यावर माझ्यात उरणार काय?"

कॉलेजात डबा द्यायला आलेल्या बायकोने ते मॉडेल पाहिलं, त्याला वीस वर्षं झाली होती. ते तिप्पट आहे, हे घरी सांगायचं काकांना कधी सुचलंच नव्हतं. डॉक्टरांच्या पिढ्यांना शरीर दाखवणारा हा माणूस घरात मात्र अगदीच ठोंब्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळवाल्याची सगळी टोपली उलथीपालथी केली. तो वैतागला. सगळ्यात लहान नासपती घेऊन काका घरी आले आणि देठ खाली करून ती काकूंच्या तळहातावर ठेवली.

"एवढीच असते. तुझीही एवढीच आहे, डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय."

काकूंनी मूठ मिटून पाहिली. "मग कपाटातली?"

"ती शेवटच्या बाकासाठी."

काकू हसल्या.

"अहो, एवढ्याशा जागेत आपली दोन्ही पोरं राहिली?"

"ताणली जाते ती. नंतर परत होती तेवढी होते."

"कधी कुरकुरली नाही बिचारी," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

काकांनी सवयीने सुरी घेतली, तशी त्यांनी मूठ मागे ओढली.

"राहू दे ही. डॉक्टरीणबाईंना फोन लावा. सोमवारी येते म्हणावं."