दांडू टाकून पळा

चौधरी मास्तरांना मी उभं राहून शिकवताना कधी पाहिलंच नाही. एकदा सोडून. मुलांना पळायला, फेकायला, झेलायला शिकवणारा हा माणूस स्वतः रॉकेलच्या पालथ्या डब्यावर बसून असायचा. चैत्रातसुद्धा अंगात स्वेटर, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं आणि डाव्या हातात चामड्याचा भला मोठा, काळपट पंजा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात भाजलाय बिचाऱ्याचा. विचारलं तर म्हणाले, "नाही हो बाई, हा बेसबॉलचा. जरा टेकतो, मग सांगतो." आणि सांगितलं ते आठ दिवसांनी.

"जरा टेकतो" हे त्यांचं पालुपदच होतं. घर इच्छापूरचं, केळीवाल्यांचं. पण भावंडं फार, म्हणून लढाईच्या काळात ते आसामात गेले होते, अमेरिकन फौजेच्या गुदामात कारकून म्हणून. तिथले सोल्जर संध्याकाळी हा खेळ खेळत आणि माणूस कमी पडला की यांना उभं करत. परत जाताना एकानं तो पंजा दिला. आसामनं दिला हिवताप. तो दर पंधरवड्याला न चुकता हजेरी लावायचा.

आमची शाळा गावातल्या इतवारा पेठेत. मी मराठी पहिलीची बाई, ते मराठी तिसरीचे मास्तर. नवं राज्य झालं, विदर्भ तिकडे मराठी मुलखात गेला, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो आणि अर्ध्या इमारतीत हिंदीचे वर्ग आले. मधल्या सुट्टीत इकडची मराठीची पोरं तिकडच्या हिंदीवाल्यांच्या पाट्या फोडायची, तिकडची इकडच्यांच्या टोप्या उडवायची. भांडणं सोडवून सोडवून माझा घसा बसायचा. मराठीत ओरडा, मग तेच हिंदीत ओरडा, म्हणजे दुप्पट दमणूक! मला तर शाळाच नकोशी झाली होती.

एका शनिवारी मास्तरांनी दोन्हीकडची पोरं शाळेमागच्या मोकळ्या जागेत उभी केली. एक इकडचा, एक तिकडचा, अशा जोड्या. प्रत्येक जोडीला एक चेंडू. मागावरचं वाया गेलेलं सूत घट्ट गुंडाळून, वरून मोच्याकडून चामडं शिवून घेतलेले चेंडू होते ते. पोरं ताठ हातानं झेलायला जायची आणि चेंडू उडून पडायचा. मास्तर डब्यावरून म्हणायचे, "केळं काळं पडलं!" मग शांतपणे समजावायचे, "केळीचा घड उतरवताना पाहिलाय ना? वरचा कापतो, खालचा झेलतो. खालचा ताठ उभा राहिला तर सगळी केळी ठेचतात. तो गुडघ्यात वाकतो, हात मागं घेतो. तसं घ्या. येणाऱ्याला जागा द्या." केळी ठाऊक नाहीत असं पोर आमच्याकडे नव्हतंच. महिनाभरात झेलायला लागली सगळी. चेंडू एकच म्हटल्यावर फेकणाऱ्याशी भांडून चालेना.

गाडं अडलं ते पुढे, मारण्याशी. गोणपाटाचे चार तुकडे चार कोपऱ्यांत टाकलेले. पहिल्यावरून चेंडू टोलवायचा, दांडू तिथंच टाकायचा, बाकीच्या तीन तुकड्यांना फेरी मारून परत पहिल्यावर यायचं. त्या तुकड्याला मास्तर "घर" म्हणायचे. पण आमची पोरं विटीदांडूत मुरलेली! त्यात विटी टोलवली की दांडू खळग्यावर आडवा ठेवायचा आणि समोरच्यानं विटी फेकून तो टिपायचा. इथंही तेच. पोरगं चेंडू मारायचं, दांडू गोणपाटावर नीट आडवा ठेवायचं आणि राखणदारासारखं शेजारी उभं राहायचं. "अरे, पळा!" तर म्हणे, "गुर्जी, दांडू टिपतीन ना!" हिंदीवालेही तेच, "मास्साब, डंडा कौन देखेगा?" मी हसून हसून बेजार. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "चला, या बाबतीत तरी एकी झाली."

हळूहळू बाकीची शिकली. राहिली एकटी कुसुम. तिसरीतली, हडकुळी, चेंडू मात्र काय मारायची! दांडू तेवढा सोडायची नाही. काखेत मारून पळायची, अडखळून पडायची आणि बाद व्हायची. मास्तरांनी जवळ घेऊन विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "दांडू सोडला का मंग मले कोणी डावच नाही देत. भाऊ बी नाही देत."

मास्तरांनी तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाले, "इथं तसं नाही, बाळा. दांडू घरीच राहतो. तू फिरून घरीच येतेस." तिला काही ते पटलं नाही.

त्याच दिवसांत सरकारी कागद आला. कुठल्या राज्यात नोकरी करणार ते लिहून द्या म्हणून. मास्तरांच्या पत्नी, इंदूताई, अकोल्याला शिक्षिका. एकाच राज्यात होते तेव्हा सहा वर्षं दोघांनी एका गावात बदली मागितली, मिळाली नाही. आता तर मध्ये राज्याची हद्द पडलेली. या कागदावर सही केली तरच अकोला. नाहीतर जन्मभर भुसावळला गाडी बदलत बसा. पण मास्तर गेले तर त्यांच्या जागी दुसरा मराठी मास्तर येणार नव्हता. तिसरीची पोरं हिंदीच्या वर्गात बसणार होती.

कागद स्वेटरच्या खिशात घालून ते महिनाभर हिंडले. विचारलं की "जरा टेकतो." मी चिडायचे, "अहो, जा ना! तापात इथं पाणी द्यायला तरी कुणी आहे का तुम्हाला?" तोंडानं म्हणायचे असं. मनात होतं, जाऊ नये या माणसानं. तो गेला तर ही सगळी जत्रा माझ्या गळ्यात. लाज वाटते सांगायला, पण होतं खरं तसं.

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार होता. सकाळची शाळा. मास्तरांच्या अंगात ताप आणि समोर कुसुमचा डाव. तिनं चेंडू असा टोलवला की थेट भिंतीपर्यंत! दांडू घेऊन दोन पावलं पळाली, थांबली, वळून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर डब्यावरून उठले. "सोड, कुसुम!"

तिनं दांडू टाकला आणि सुटली. इकडची ओरडताहेत "पळ, पळ", तिकडची ओरडताहेत "भाग, भाग". तीनही तुकडे ओलांडून ती घरावर येऊन आदळली. उठली आणि आधी दांडूला हात लावून पाहिला. "गुर्जी, हाये! इथंच हाये!"

मास्तर खाली बसले. खिशातून कागद काढला, मांडीवर सरळ केला. म्हणाले, "बाई, पेन आहे?"

"नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत राहिले, रागावले नाहीत. मग मीच पिशवीतून पेन काढून दिलं. त्यांनी मांडीवरच सही केली.

पंधरा दिवसांनी ते अकोल्याला गेले. पंजा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हात ताठ ठेवू नका, बाई. तुम्ही फार ताठ ठेवता." चार वर्षांनी इंदूताईंचं कार्ड आलं, हिवतापानंच नेलं म्हणून. चार वर्षं दोघं एका घरात राहिले, एवढं तरी त्यांच्या पदरात पडलं. कार्ड वाचून मी त्या दिवशी वर्ग सोडून दिला.

पण ते नंतरचं. मास्तर गाव सोडून गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी त्या डब्यावर मी बसले होते. खेळ काही सुरू होईना. पाहते तर कुसुमनं दांडू घरावर ठेवलेला आणि ती कुणाला त्याला हात लावू देत नव्हती. मी हाक मारली तशी आली. म्हणाली, "बाई, दांडू इथंच हाये. गुर्जी फिरून येतीन ना?"

मी डब्यावरून उठले, पंजा हातात घातला आणि म्हटलं, "दांडू उचल, कुसुम. डाव तुझा आहे."