दाजींचे छापील बनियन

आमच्या दाजींइतका उत्साही माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान; शाळेसाठी मी त्यांच्याकडेच राहायचो. चहा उकळायच्या आत कप पुढे करायचे, एसटी थांबायच्या आत उतरायचे. एकदा तर सासऱ्यांना आणायला आदल्याच दिवशी स्टँडवर जाऊन बसले होते! सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुणाच्या तरी अंगावर नाव छापलेला बनियन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी यांनी चादरीच्या मिलमधली रंगखात्याची नोकरी सोडली.

"ज्याला जे पायजे ते छापून देणार! सांग की, कुणाला नको हाय?" मला गदागदा हलवत ते म्हणाले. अक्काला विचारायचं राहूनच गेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पहिली ऑर्डर फसली तर मुकाट्यानं मिलमध्ये जाऊन साहेबाचे पाय धरायचे." दाजींनी तिचं वाक्य संपायच्या आत मान डोलावली.

ऑर्डर आली की हो! वैरागच्या कबड्डी संघाचे बारा बनियन. लाकडी चौकटीवर ताणलेल्या रेशमी कापडावर रंग ओतून रबराची पट्टी ओढली की खालच्या बनियनवर लालभडक अक्षरं उमटत, आणि दाजी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत. पण रंगखात्यात मुरलेला माणूस! घामात रंग टिकतो का, हे पाहिल्याशिवाय माल कसा द्यायचा? भर दुपारी एकेक बनियन अंगात चढवून दाजी पेठेतून पळत सुटले. बाराच्या बारा! त्यांचं पोट म्हणजे भरलेला रांजण. रंग जागचा हलला नाही, बनियन मात्र पार सैल झाले.

वैरागची काटकुळी पोरं आली, त्यांनी बनियन घातले. कॅप्टन खाली बघत म्हणाला, "दाजी, ह्यात आमी दोघं मावतो की." अकलूजला सामने त्याच संध्याकाळी होते. तसेच घेऊन गेले बिचारे. दाजींनी तीन दिवस चहा गार झाल्यावर घेतला. मला तर घरात भीतीच वाटायला लागली. चौथ्या दिवशी त्यांनी मिलमध्ये जायला सदरा चढवला, तेवढ्यात कॅप्टन दारात!

"हरलो. पयल्याच सामन्यात."

दाजी चपला घालू लागले.

"ऐका की! दोनदा धुतलं, रंग जरा बी न्हाय गेला. पोरं अंगातून काढंनात. गावच्या तालमीला पन्नास पायजेत. फकस्त तुमी घालून बघू नका, पेठेत कळलं समदं."

दाजी लहान पोरासारखे रडले. अक्कानं डोळे पुसले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हा काडी पैलवान आहे की आपल्या घरात."

पुढची कितीतरी वर्षं नवे बनियन घालून मी पेठेतून पळालो. लोक हसायचे, मी चिडायचो, दाजी मागून ओरडायचे, "अजून जोरात! घाम येऊ दे!" आता दाजी नाहीत. भर उन्हात पळ असं मला कुणी सांगत नाही, आणि खरं सांगतो, दुपारी घरात बसवत नाही.