माझ्या हातचा तिळगूळ

मूर्तिजापूरच्या मुलींच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते, तेव्हा नवरा जाऊन मला फार दिवस झाले नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नसे. विधवेला बोलवायचंच नसतं. म्हटलं, ठीक आहे, तुमची संक्रांत तुमच्या ओसरीवर ठेवा, मी माझी वर्गात आणते.

आणली ती सगळ्याच विषयांत आणली. शेर-छटाक जाऊन नुकतेच किलो-ग्रॅम आले होते आणि काही केल्या मुलींच्या डोक्यात शिरत नव्हते. मग प्रत्येकीनं घरून मूठभर तीळ आणले आणि आम्ही ते तराजूत घालून गणित केलं. भूगोलाला, संक्रांतीचा सूर्य उत्तरेकडे सरकतो तशी सावली आखूड होते का ते बघायला, झेंड्याच्या काठीची सावली रोज दुपारी खडूनं आखली. मराठीच्या तासाला, जिच्याशी अबोला असेल तिला चार ओळी लिहायच्या आणि स्वतः नेऊन द्यायच्या. त्या तासाला इतकी रडारड झाली की शेजारच्या वर्गातून निरोप आला. शेवटी हस्तव्यवसायाच्या तासाला शेगडी पेटवून पाक केला. तो जरा पुढे गेला आणि वड्या दगड झाल्या. मुली तरीही खूश होत्या.

वाटायच्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं.

“शिकवलंत ते छानच. पण वाटायचं काम दुसऱ्या बाई करतील. सणाचा तिळगूळ सवाशिणीच्या हातून गेलेला बरा. पालक ओरडतात.”

माझं डोकंच सणकलं. तोलायला माझा हात चालतो, पाकाला चालतो, आणि मुलींच्या तळहातावर वडी ठेवायला मात्र अपशकुनी? हे त्यांच्या तोंडावर म्हटलं, ताट उचललं आणि वर्गात गेले. भीती होतीच, ती नाकारत नाही. एकीनंही घेतला नाही, तर उद्यापासून या मुलींसमोर कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? बहुतेकींनी घेतला. काहींनी हात मागे घेतले, घरून बजावलं असणार. मी पुढच्या मुलीकडे वळले.

मधल्या सुट्टीत एक आई लेकीचं मनगट धरून तरातरा आली. मागोमाग मोठ्या बाई.

“माह्या पोरीले तिळगूळ तुमीच देल्ला का?”

“मीच देल्ला. तुमाले पायजे का?” मी ताट पुढे केलं.

तिनं लेकीचं मनगट सोडलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “घरी माही ननंद हाये, तुमच्यावानीच. तिले कोनी देत नाई. तिच्यासाठी एक द्या.”

मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझा राग मात्र उलट वाढला. पदराआड लपवून न्यायचा तुकडा मला कुणालाच द्यायचा नव्हता.

“देत नाई,” मी म्हटलं. “तिलेच घेऊन या. वाटाले हात कमी पडून राहिले.”

दुसऱ्या दिवशी ती नणंद खरोखरच आली, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढून. मी उरलेल्या वड्यांचं ताट तिच्या हातात दिलं आणि तिला घेऊन सरळ मोठ्या बाई शिकवत होत्या त्या वर्गात शिरले.