चिंचेनं घासलेला रुपया

नाणं हातात आलं की लोक आधी चित्र बघतात, साल बघतात. मी कड बघतो. कड बघितली, मग मागची बाजू बघितली, की ते नाणं टांकसाळीतच बिघडलं की बाहेर आल्यावर कुणी बिघडवलं, हे मी सांगतो. आजवर फार तर दोनदा चुकलो असेन, आणि त्यातल्या एकदा चष्मा घरी राहिला होता. माझ्या पाठीमागं लोक म्हणतात, लई शेखी मिरवतो. मिरवतोच. ही नजर मला कुठल्या पुस्तकातून मिळालेली नाही, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेससमोर उभं राहून मिळालीय.

आम्ही मूळचे कन्नडकडचे, मेंढरांमागं हिंडणारे. वडील गेले, मेंढरं चुलत्याकडं राहिली आणि मी आईला घेऊन मुकुंदवाडीत खोली केली. एमआयडीसीत तेव्हा नव्यानव्या शेड उभ्या राहत होत्या, गेटवर भरतीच्या पाट्या लागत होत्या. गावाहून आईनं फारसं काही आणलं नव्हतं. गळ्यात हमेल तेवढी होती, चांदीच्या रुपयांची माळ, प्रत्येक रुपयाला डाग देऊन कडी बसवलेली. दिवाळी आली की ती माळ चिंचेच्या कोळात भिजवायची आणि राखेनं घासघासून लख्ख करायची. आमच्या बायकांची सगळी शान त्या माळेत, ती काळवंडलेली कुणाला दिसता कामा नये. मला नाण्यांचा नाद लागला तो या माळेपायी.

कारखान्यात माझा गुरू म्हणजे टूलरूमचा मिस्त्री. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोलायला कमी, हाताला पक्का. आमच्या कॅन्टीनची पितळी टोकनं आमच्याच शॉपमध्ये पाडली जायची. कधीकधी एखादं टोकन वरच्या डायला, म्हणजे ठसा मारणाऱ्या साच्याला, चिकटून बसायचं आणि ऑपरेटरला पत्ताच नसायचा. मग पुढच्या चकतीवर वरून डायचा ठसा उठायच्या ऐवजी त्या चिकटलेल्या टोकनाचाच उठायचा. म्हणजे एका बाजूला चित्र नीट वर आलेलं, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, आत खचलेलं. असलं एक टोकन मिस्त्रीनं टूलबॉक्समध्ये जपून ठेवलं होतं. नव्या ऑपरेटरला ते दाखवून म्हणायचा, "हे जन्मतःच असं हाय. ह्याला कुणी मारलेलं नाय."

मिस्त्री नामांतरवाला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चात जायचा, एकदा हर्सूलच्या जेलातही जाऊन आला होता. त्या दिवसांत कॅन्टीनमध्ये कोण कोणाशेजारी बसतं यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. माझ्या गावाकडचे बहुतेक सगळे विरोधात. मी मिस्त्रीशेजारी बसायचो खरा, पण मोर्चाचा विषय निघाला की डबा धुवायला उठायचो. त्याला ते दिसत होतं. तो कधी बोलला नाही आणि मला आजही माझ्या त्या उठण्याची लाज वाटते.

अशात एके दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर चहावाल्यानं सुट्ट्यात एक रुपया परत दिला. सवयीनं कड बघितली, मग उलटा केला, आणि चहा तसाच राहिला. एका बाजूला सिंह, दुसऱ्याही बाजूला सिंहच, पण उलटे आणि आत खचलेले. मिस्त्रीच्या टोकनाचं सख्खं भावंड असावं तसं ते नाणं होतं. टांकसाळीतही रुपया डायला चिकटतो, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

सराफ्यात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. दर रविवारी सकाळी तिथं पाच-सात शौकीन जमायचे. शनिवारी मी आईला म्हटलं, उद्या हा रुपया मोठ्या माणसांना दाखवायचाय. सकाळी मी आंघोळ करून येतो तर आई दारात बसलेली, बोटं राखेनं माखलेली, आणि पुढ्यात रुपया लखलखतोय.

"मोठ्या माणसांत असला काळा रुपया नेतो व्हय रं?" ती म्हणाली. "बघ आता."

आज कुणी माझ्यासमोर नाणं घासलं तर मी त्याचा हात धरीन. तेव्हा मला अक्कल नव्हती. मी खूश झालो, रुमालात गुंडाळून निघालो.

चाचानं भिंग डोळ्याला लावलं, रुपया दोनदा फिरवला आणि हसला. "अरे मियाँ, ये तो कल पैदा हुआ सो दिखता. कंपनी की प्रेस पे मारा क्या?"

सगळे हसले. मीही हसणार होतो, पण कोपऱ्यात आमच्याच कारखान्यातला स्टोअरचा साहेब बसला होता. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "प्रेसवर काम करतोस, आणि तुझ्याकडं असलं चकाकतं नाणं. व्हाइसच्या लोखंडी चिमट्यात दोन रुपये दाबले की असा ठसा उठतो, एवढं मलाही कळतं. कंपनीच्या मशीनवर सरकारी नाणं, हे मला वर सांगावं लागेल."

मी म्हणालो, आईनं चिंचेनं घासलाय साहेब, म्हणून चकाकतोय. त्यावर तर आणखी हशा पिकला. नोकरी गेली असती, पोलीस आले असते. पण खरं सांगू, त्याहून जास्त झोंबलं ते हे, की खरं नाणं माझ्या हातात होतं आणि माझा हात बघून ते खोटं ठरत होतं. शेवटी चाचानंच मध्यस्थी केली. साहेब पुढच्या रविवारपर्यंत थांबायला तयार झाला.

सोमवारी मी मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्यानं रुपया उजेडात धरला, मागची बाजू बोटानं चाचपली. "अस्सल हाय," एवढंच म्हणाला. रविवारी माझ्याबरोबर सराफ्यात चल, असं मी त्याला म्हटलं. त्या आठवड्यात नामांतरावरून शहरात बंद झाला, सिटी बस थांबल्या, दोन दिवस आम्ही रुळाच्या कडेनं चालत कामावर गेलो. शुक्रवारी मिस्त्री म्हणाला, "रविवारी आमचा मोर्चा हाय, क्रांती चौकातून." माझा चेहरा उतरलेला बघून पुढं म्हणाला, "बाराला निघतोय. त्याच्या आधी येतो तुझ्या सराफ्यात."

आला. गळ्यात निळा पंचा, पायात धुळीनं भरलेल्या चपला. दुकानातले दोघंजण जरा सरकून बसले, ते मी बघितलं. चाचा मात्र उठला, म्हणाला, "आव, अंदर आव, बैठो."

मिस्त्री बसला नाही. खिशातून त्यानं दोन पितळी टोकनं काढून काउंटरवर ठेवली. दोन्हींवर एका बाजूला खचलेला उलटा ठसा. साहेबाकडं बघून तो म्हणाला, "साहेब, ह्यातलं एक प्रेसवर डायला चिकटून झालेलं हाय, जुन्या स्क्रॅपमधलं. दुसरं मी काल घरी, माझ्या चिमट्यात दाबून केलंय. कोणचं कोणतं ते सांगा."

साहेबानं दोन्ही उलटीपालटी केली. त्याला सांगता येईना. मग मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. "तू सांग."

मी खचलेल्या ठशाकडं बघितलंच नाही. दोन्ही टोकनं पालथी केली. एकावर कारखान्याचा आकडा टोकदार, भरलेला. दुसऱ्यावर तोच आकडा चपटा झालेला, चिमट्याच्या जबड्यानं दाबून. आणि कडसुद्धा बाहेर फुगलेली. "हे दाबलेलं," मी म्हणालो. "चिमटा एका बाजूला ठसा उठवतो, पण दुसऱ्या बाजूचं चित्र मारून टाकतो. डाय दोन्ही बाजूंना आधार देतो." मग माझा रुपया पालथा करून त्यांच्याशेजारी ठेवला. सिंहांची आयाळ केसाकेसानं उठलेली होती. आईनं एवढं घासूनही उठलेली होती.

चाचानं भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग रुपया दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हौ. टकसाल का है. मेरी नजर चुकी." साहेबानं सोमवारी वर कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू! माझी नोकरी वाचली म्हणून नाही. सगळ्यांसमोर मी एक गोष्ट सांगितली आणि ती खरी निघाली म्हणून.

मिस्त्री टोकनं खिशात टाकून निघाला. मी त्याच्याबरोबर बाहेर पडलो. गुलमंडीला तो थांबला. मग म्हणाला, "तुझी वाट इकडं नाय." मी म्हटलं, "हाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा क्रांती चौकात त्याच्या शेजारी उभा राहिलो. गावाकडं ते कळलं आणि चुलता वर्षभर बोलला नाही. मला फार फरक पडला नाही.

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, कारखान्यातून मी निवृत्त झालो, चाचा गेला. नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्या नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सील करून देतात, वर चिठ्ठी लावून. चाचाच्या मुलानं आग्रह केला म्हणून मी माझा रुपया पाठवला. दीड-दोन महिन्यांनी तो परत आला. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं: टांकसाळीतली चूक, अस्सल. आणि खाली: नाणं साफ केलेलं, म्हणून दर्जाचा आकडा देता येत नाही.

चाचाचा मुलगा हळहळला. "घासलं नसतं तर फार वरचा आकडा आला असता," म्हणाला. मी म्हटलं, बाबा, त्यांनी दोन्ही बरोबर ओळखलं. आधी टांकसाळीचा हात लागला, मग माझ्या आईचा. त्यातली एकही खूण मला पुसायची नाही.

ती डबी घेऊन मी आधी मिस्त्रीकडं गेलो. त्यानं चष्मा लावून चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "आलं लिहून," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग घरी आलो. आईला आता नीट दिसत नाही. तिनं डबीवरून बोट फिरवलं, चारी बाजूंनी चाचपली, उघडेना म्हणून माझ्याकडं वळली.

"कोंडून ठेवलाय व्हय रं ह्याला? मग दिवाळीला घासायचा कसा?"

मी, ज्याच्यासमोर लोक नाण्याला उघडं बोट लावायला घाबरतात, स्वयंपाकघरात गेलो, चिंच भिजत घातली आणि तिची हमेल तिच्या मांडीवर आणून ठेवली.